उपटायचं की भादरायचं: गुळ्याच्या कोटाच्या नोंदी

२४ मार्च २०२४

वही आज उघडतोय, पण प्रकरण नोव्हेंबरातलं आहे.

गुळ्या हा आमचा बॉर्डर टेरियर जातीचा कुत्रा. वय चार, नसबंदी झालेली, वजन सात किलोला जरा कमी. मागच्या गल्लीतलं जोडपं परदेशी निघालं तेव्हा गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आला. तेव्हाचा त्याचा रंग जुन्या ढेपेसारखा होता, वरून काळपट आणि आतून लाल, म्हणून लेकीने नाव ठेवलं गुळ्या. नोव्हेंबरात त्याला इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या न्यूकॅसलमधल्या, एका ग्रूमिंगच्या दुकानात नेलं. 'हँड स्ट्रिप करा', म्हणजे कोट (अंगावरचे केस) न कापता हाताने उपटा, म्हणून सांगितलं आणि त्याचे जास्तीचे पैसे भरले. दोन तासांनी परत मिळाला तो मखमलीसारखा गुळगुळीत, कुठे एक केस वर-खाली नाही. आम्ही खूश. हाताने उपटलेला कोट इतका एकसारखा कधी दिसत नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

आज चार महिन्यांनी गुळ्या राखाडी आहे. पाठीवर मऊ लाटा. टाऊन मूरवर गाई चरतात त्या बाजूने फिरून आला की निम्मं मैदान अंगावर घेऊन येतो. लेकीच्या शाळेच्या भिंगाखाली त्याचे दहा-बारा केस ठेवून पाहिले. टोकं सरळ छाटलेली, झाडूच्या काड्यांसारखी. म्हणजे क्लिपर, केस कापायचं यंत्र, फिरवून भादरला होता.

भांडायला जाणार नाही, पावतीवर फक्त 'ग्रूमिंग' लिहिलंय. पण नेमका फरक काय पडतो, तो मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय. बेत असा: डावी बाजू हाताने उपटायची, उजवी क्लिपरने कापायची, आणि तीन महिने लिहून ठेवायचं. बायको म्हणाली, "कुत्र्याला विचारलंस का?"

३० मार्च

वाचून आणि भिंगाखाली बघून जे कळलं ते एकदा मांडतो.

टेरियरच्या अंगावर दोन थर असतात. वर राठ केस, तारेसारखे. खाली दाट मऊ लव. राठ केस टोकाशी जाड आणि गडद असतो, मुळाकडे बारीक आणि फिका होत जातो. गुळ्याच्या रंगाला इथे ग्रिझल म्हणतात, म्हणजे लाल केस आणि त्याला काळं टोक. आता क्लिपर फिरवला की जातं काय? टोक. म्हणजे रंगही तिथेच आणि राठपणाही तिथेच. अंगावर उरतो तो मुळाकडचा बारीक फिका दांडा आणि त्याच्या बरोबरीला आलेली लव. 'भादरल्यावर रंग उतरतो' म्हणतात त्यात जादू काही नाही. रंगाचा भाग केरात गेलेला असतो.

दुसरी गोष्ट केसाच्या वयाची. प्रत्येक केस वाढतो, थांबतो, मग मुळातून सैल होऊन बसून राहतो. लॅब्रॅडॉरचा असा सैल केस आपोआप गळतो आणि सोफ्यावर सापडतो. टेरियरचा पुष्कळसा तसाच अडकून बसतो. तो उपटला की जागा मोकळी होते आणि खालून नवा केस येतो, गडद टोकासकट. कापला तर जुनं खुंट बसलेलंच राहतं.

जातीबद्दल थोडं, कारण आम्ही तिच्या माहेरीच राहतो. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांतला हा कुत्रा. जुनं नाव कोकेटडेल टेरियर, कोकेट नदीच्या खोऱ्यावरून. केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इथल्या संस्थेने, १९२० साली मान्यता दिली. घोड्यांमागे दिवसभर धावायचं आणि मग बिळात घुसून कोल्ह्याला बाहेर काढायचं, हे काम. पाऊस, काटे, माती, दात या सगळ्यांपुढे अंगावर एवढा एकच रेनकोट. जातीच्या वर्णनात कोट राठ आणि दाट हवा आणि कातडी जाड हवी असं लिहिलंय ते शोभेसाठी नाही. कुत्र्यांकरवी शिकार करण्यावर इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने बंदी आली. रेनकोट राहिला. गुळ्या आता बिळाऐवजी आमच्या पांघरुणात घुसतो.

७ एप्रिल

रॉथबरीला गेलो होतो. लेकीच्या शिक्षिकेची मावशी तिथून पुढे कोकेटच्या काठी राहते. वय ऐंशीच्या घरात, चाळीस वर्षं बॉर्डर पाळतेय. तिच्या बोलीतलं निम्मं मला कळलं नाही, पण बोलण्यापेक्षा हातच जास्त चालत होता. मी मनातल्या मनात तिला आजी म्हणतो.

मी पिशवीतून नवीकोरी स्ट्रिपिंग नाइफ काढली, केस पकडून उपटायची दातेरी सुरी. आजीने ती बघितली आणि शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. मग गुळ्याच्या खांद्यामागचे पाच-सहा केस अंगठ्यात आणि तर्जनीत धरून वाढीच्या दिशेने सरळ ओढले. तीन हातात आले. गुळ्याला पत्ता नाही. मग मांडीवरचे ओढले. एकही आला नाही, आणि गुळ्याने मान वळवून बघितलं. झालं, परीक्षा संपली.

"तीन आठवड्यांनी. तोवर आंघोळ नाही."

आंघोळ का नाही? धुतलेला केस बोटांतून निसटतो. थोडा तेलकट-मळकट असला की पकड मिळते. पकड पुरत नसेल तर खडूची पूड लावायची, नाहीतर भांडी घासायच्या रबरी हातमोज्याची बोटं कापून अंगठ्यात आणि तर्जनीत चढवायची. तिच्याकडे अशा बोटांचा डबाच आहे, पिवळ्या आणि गुलाबी.

निघताना नाइफ परत दिली. "आधी विटेवर घास," म्हणाली. नव्या पात्याचे दात धारदार असतात, ते केस पकडण्याऐवजी कापतात. मग हाताने केलं काय आणि यंत्राने केलं काय.

९ एप्रिल, पाडवा

आप्पांना कराडला व्हिडिओ कॉल. गुढी दाखवून झाली, मग गुळ्या दाखवला. बेत सांगितल्यावर हसले, "केस उपटतोयस? कुत्रं हाय का कोंबडी?"

मी दोन थर, सैल मूळ, कापलेलं खुंट, सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजी कापला तर खोडवा, आन् उपटला तर नवी लागण."

तीन आठवडे वाचून मला जे धड मांडता येत नव्हतं ते असं एका वाक्यात निघालं. ऊस तोडला की त्याच बुडख्याला फुटवे येतात, तो खोडवा. नव्याने बेणं लावायचं ती लागण. पहिला खोडवा बरा येतो, पुढे ऊस बारीक होत जातो. शेतात अर्थात खोडवा स्वस्तात पडतो, मशागत वाचते, म्हणून सगळेच ठेवतात. कुत्र्यातही नेमकं तेच, क्लिपरने चाळीस मिनिटांत काम होतं. उपमा सगळीकडे लागू पडत नाही. खोडव्याला फुटवे बुडख्यातून येतात, केसाचं खुंट मात्र निव्वळ अडगळ. पण आप्पांना हे सांगत बसलो नाही.

त्यांनी पुढे विचारलं, "वाफसा बघितलास का?" भुईमूग उपटायचा तो वाफशावर, म्हणजे रानात चिखल नाही आणि रान सुकलेलंही नाही अशा ओलीवर. रान सुकलं की शेंगा मातीत राहतात आणि नुसता पाला हातात येतो. आजीने खांद्यावर आणि मांडीवर जे केलं तो वाफसाच होता.

२७ एप्रिल

आज डावी बाजू. थंडी अजून आहे, स्वयंपाकघरात हीटर लावला. ओट्यावर रबरी चटई, त्यावर गुळ्या, बाजूला वाटीत चीजचे तुकडे. लेक वजनकाट्यावर.

पहिली पंधरा मिनिटं माझं सगळं चुकलं. एकदम चिमूटभर केस धरत होतो आणि मनगट वळवत होतो. मनगट वळलं की केस ओढला न जाता मधेच तुटतो. मनगट ताठ ठेवून कोपरापासून ओढायचं. दुसऱ्या हाताने मागची कातडी ताणून धरायची, नाहीतर केसाबरोबर कातडीही उठते आणि मग दुखतं. चार-पाच केस, एक झटका. पुन्हा चार-पाच. मानेपासून सुरुवात, मग पाठ, मग बरगड्या. एकदा हात बसला की भाजी निवडताना लागते तशी समाधी लागते.

बरगडीवर आलो तेव्हा एक दृश्य दिसलं ते लिहून ठेवतो. राठ केसांची पट्टी निघाली आणि खालून लव उघडी पडली, उंदराच्या रंगाची, बारीक, आणि तिच्यातून कातडी किंचित गुलाबी. कडेला जुना राखाडी कोट पायरीसारखा उभा. म्हणजे आपण याला आजवर जेवढा समजत होतो त्याहून हा एक सेंटिमीटर बारीक आहे.

दुखत नाही असं सगळे छातीठोकपणे सांगतात. माझी नोंद: पाठीवर आणि मानेवर नाही दुखत, तो चक्क पेंगला. कोपराजवळ आणि मांडीच्या आतल्या अंगाला त्याने ओठ चाटले, दोनदा जांभई दिली, मग माझ्या हाताला नाक लावलं. कुत्र्याच्या भाषेत हे 'बास' आहे. तिथे थांबलो. पोट, काख आणि मागची नाजूक जागा कात्रीनेच करायची असते, तिथली कातडी पातळ.

वेळ ५० मिनिटं. केस २१ ग्रॅम. निम्मीच बाजू झाली.

२८ एप्रिल

उरलेली बाजू. बोटं दुखत होती म्हणून नाइफ घेतली. चांगली घासली होती, तरी संशय आला म्हणून ढिगातले दहा केस पांढऱ्या बशीत काढले. सहांना बुडाशी बारीक पांढरा मणी होता, म्हणजे मुळासकट आलेले. चार नुसते तुकडे. शंभरात चाळीस मी कापतच होतो, तेही हाताने. पुन्हा विटेवर. पुन्हा बशी. आता दहात एक.

(दुकानदाराला विचारायचं असेल तर हेच विचारावं: ढिगातले दहा केस दाखवा.)

आणखी १७ ग्रॅम.

केस बागेत टाकू, चिमण्या घरट्याला नेतील, असं लेक म्हणाली. नाही टाकले. गुळ्याच्या मानेवर महिन्याला पिसवांचं औषध पडतं, ते केसांत राहतं आणि पिलांना बाधतं. कचऱ्यात.

४ मे

डाव्या बरगडीवर तीन पुटकुळ्या. त्याच जागी शनिवारीही हात फिरला होता आणि रविवारी नाइफही. व्हेटने बघितलं, केसाच्या मुळाशी किरकोळ सूज, क्लोरहेक्सिडिनचा जंतुनाशक शांपू दिला. चूक माझी. एका जागेवर एकदाच.

११ मे

पुटकुळ्या बसल्या. आज पूर्ण आंघोळ, मग उजवी बाजू.

इथे एक गंमत. उपटायला मळका कोट लागतो आणि क्लिपरला धुतलेला, नीट वाळवलेला, नाहीतर पातं बोथट होतं आणि केस खेचतं. म्हणून हा क्रम. पातं ७ एफ, साधारण तीन मिलिमीटर केस ठेवतं. दर पाच मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं, कारण ते तापतं आणि कुत्रा बोलत नाही.

एकूण वेळ १८ मिनिटं. पुटकुळी नाही, जांभई नाही. वाटीतलं चीज उरलं. खरं सांगायचं तर आज उजवी बाजूच देखणी दिसते, आणि डावी बाजू पिसं काढलेल्या पाखरासारखी. बायको म्हणते, एका बाजूने सोसायटी आणि दुसऱ्या बाजूने चाळ.

सकाळी फिरायला जाताना फ्लीसचं जाकीट घालतोय. उन्हात डाव्या बाजूची कातडी भाजू शकते म्हणून दुपारी सावलीतून.

२६ मे

डावी: लवेतून काळे ठिपके. बोट उलटं फिरवलं तर टोचतात, दोन दिवसांच्या दाढीसारखे. उजवी: सगळीकडून सारखी वाढतेय. रंग फिका विटकरी, वर राखेची झाक.

८ जून

सहा आठवडे झाले. डावीकडे गडद टोकं आता लांबूनही दिसतात आणि केस पाठीला चिकटून पडतात. फक्त मांडीच्या मागे मऊ गुंता तसाच आहे. आजीला फोन केला. नसबंदीनंतर पुष्कळ कुत्र्यांची लव वाढते आणि कोट मऊ होतो, मांडीमागे आणि कानांमागे सगळ्यात जास्त, आणि तिथे उपटून फार काही हाती लागत नाही. तिथे विरळणीची कात्री. म्हणजे माझा 'शुद्ध' डावा भागही पूर्ण शुद्ध नाही.

२३ जून

टाऊन मूरवर द हॉपिंग्जची जत्रा लागलीय. दोन दिवस पाऊस, सगळा चिखल. आम्ही गर्दी टाळून कडेकडेने गेलो, तरी गुळ्याने एक डबकं शोधलंच आणि त्यात आडवा लोळला. दोन्ही कुशींवर, हे विशेष. प्रयोगाची एवढी कळकळ माझ्याखेरीज त्यालाच.

घरी येऊन पुसला नाही. चटईवर बसवला आणि घड्याळ लावलं. डावीकडे पाणी केसांच्या टोकांवर थेंबाथेंबाने बसलं होतं, त्याने अंग झाडल्यावर बरंचसं उडालं. तासाभरात चिखल वाळला आणि हात फिरवल्यावर भाकरीच्या पिठासारखा झडला. आत बोट घातलं तर लव कोरडी. उजवीकडे चिखल लवेत कालवल्यासारखा बसला होता. अडीच तासांनी आतून ओलाच. शेवटी टबमध्ये नेला. गवताची कुसळं मोजली: डावीकडे दोन, उजवीकडे अकरा.

या एका संध्याकाळसाठी सगळा खटाटोप केला असं वाटलं.

२० जुलै

बारा आठवडे. डाव्या बाजूचा केस अडीच सेंटिमीटर, गडद, राठ, ढेपेचा रंग परत. उजवी बाजू नऊ-दहा आठवड्यांतच नोव्हेंबरनंतरच्या गुळ्यासारखी होऊ लागलीय, पाठीजवळ पहिली लाट दिसते.

दाखवायला रॉथबरीला नेला. हल्ली आजीला डोळ्यांनी कमी दिसतं. तिने त्याला मांडीवर घेतला, दोन्ही हात दोन्ही कुशींवर ठेवले आणि सावकाश मागे नेले. डाव्या हाताने काही विचारलं नाही. उजवा मधेच थांबला, केस चिमटीत धरले, ओढले, आले नाहीत. "इथं तू यंत्र लावलंस." मी प्रयोगाचं सांगितलं तेव्हा हसली नाही, रागावलीही नाही.

मग तिचा म्हातारा कुत्रा आतल्या खोलीतून आला. चौदा वर्षांचा, मागचे पाय आखडलेले. अंगावर हात फिरवला आणि मी चमकलो. मऊ, आखूड, एकसारखा. भादरलेला.

तिने माझ्याकडे बघितलंही नसेल, पण माझा हात थांबलेला तिला कळला. बारा वर्षं याला हातानेच केला, म्हणाली. आता याला तासभर उभं राहवत नाही, कातडी कागदासारखी झालीय, आणि हा पावसात जातो तो दारातल्या पायरीपर्यंत. आता उपटायचं ते कुणासाठी? तो केस त्याला नको, मला हवाय.

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली की नोव्हेंबरातल्या दुकानावरचा तुझा राग आता गेला असेल. नाही गेला. आजीने भादरला आणि 'भादरला' असं सांगितलं. दुकानाने भादरला आणि 'उपटला' म्हणून पैसे घेतले.

१८ ऑगस्ट

प्रयोग संपला. आता उजवी बाजू परत आणायचीय. आज खांद्यापासून सुरुवात केली, वीस मिनिटांत फक्त ४ ग्रॅम. वाफसाच नाही. खुंट वेगवेगळ्या वयांची आहेत, काही सुटतात, बरीचशी घट्ट. ओढाताण करणार नाही. बोथट नाइफने हलकेच विंचरून मेलेली लव काढायची, सुटेल तेवढा केस घ्यायचा. एकदा भादरलेला कोट पूर्ण वळणावर यायला उपटण्याच्या दोन-तीन फेऱ्या लागतात म्हणे. म्हणजे पुढचा उन्हाळा.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

घरी गणपती, गुळ्या दाराबाहेर, कारण मागच्या वर्षी त्याने मोदक पळवला होता. आप्पांनी कॉलवर दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाले, "डावीकडची लागण झ्याक हाय. उजवीकडं नांगर घाल." यंदा त्यांनीही एका एकरातला तिसरा खोडवा मोडला.

२९ सप्टेंबर

नवी पद्धत बसली. सगळा कोट एकदम काढायचा नाही. दर रविवारी पंधरा मिनिटं, सगळ्यात लांब आणि सैल केस तेवढे घ्यायचे. असं केलं की अंगावर वेगवेगळ्या वयांचे केस राहतात, कुत्रा कधी उघडा पडत नाही आणि थंडीत जाकीट लागत नाही. इथली माणसं याला कोट फिरता ठेवणं म्हणतात.

पोट, काख आणि मागची बाजू: कात्री. मांडीमागचा मऊ गुंता: विरळणीची कात्री. क्लिपर विकलेला नाही, तेल घालून कपाटात ठेवलाय.

आजची नोंद: डावीकडून ६ ग्रॅम, उजवीकडून ५. बशीतले दहा केस दोन्हीकडचे तपासले. डावीकडे दहाला दहा मणी. उजवीकडे नऊ. दहावा तुकडा बहुतेक नोव्हेंबरातला.